सुरकुती चेहऱ्यावर, व्यथा मनात

चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेची विद्या आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. इंग्रजांच्या लष्करातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या सैन्याने कापले होते. पुढे पुण्यात एका पारंपरिक वैद्याने कपाळावरील त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त सचित्र छापला. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. कावसजीला नाकाबरोबर चारचौघांतील आपली जागाही परत मिळाली.

आज सोलापुरात तारुण्य टिकविण्याचे उपचार घेणाऱ्यांचे मन समजून घेताना हेच सूत्र उपयोगी पडते. कपाळावरची रेघ घालवा, असे मागणे ओठांवर असते. अंतरी मात्र आपली जागा गेल्याची भीती असते. मुलाच्या हाती गल्ला सोपविलेल्या गृहस्थाला ‘आता आपल्याला कोण विचारतो’ असे वाटते. सून घरात आल्यावर सासूबाई आरशासमोर अधिक रेंगाळतात. यात हसण्यासारखे काही नाही. ते मानवी दुःख आहे.

परंतु व्यापारी माणसाने व्यवहारही पाहावा. बोटॉक्सचे इंजेक्शन मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडविते; स्नायू सैल पडतो आणि सुरकुती मिटते. हा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. म्हणजे ही एकरकमी खरेदी नसून, पुनःपुन्हा भरावयाचा हप्ता आहे. शिवाय अशा औषधांतील घटक प्राणिज आहेत काय, हा प्रश्न अहिंसाव्रती कुटुंबाने डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. पूर्वी सुरकुत्या भरण्यासाठी गाईच्या कातड्यापासून काढलेले कोलॅजन वापरले जात असे.

काहींची गोष्ट मात्र निराळी असते. इतरांना न दिसणारे व्यंग त्यांना अहोरात्र छळते. इटालियन मानसोपचारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८८६ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. अशा व्यक्तीचे एक उपचाराने सहसा समाधान होत नाही. आज नाक, तर उद्या हनुवटी. त्यांना सुईची नव्हे, मानसोपचाराची गरज असते, आणि त्याने गुण येतो.

सनत्कुमार चक्रवर्तीची कथा आपण ऐकली आहेच. भरल्या घागरीतून एक थेंब काढला तरी सभेतील कोणाला फरक दिसला नाही. रूपाचेही तसेच ओसरणे चालू असते. कथा रूपाचा तिरस्कार शिकवीत नाही, ते अनित्य आहे एवढेच दाखविते.

म्हणून उपचारापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही रेघ गेली आणि घरातील माणसे पूर्वीसारखीच वागली, तर मला समाधान वाटेल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तज्ज्ञ त्वचारोगतज्ज्ञांकडून खुशाल उपचार घ्यावा. ‘नाही’ असेल, तर औषध घरातच शोधावे लागेल. मुलाने नव्या मालाची खरेदी करताना वडिलांचा सल्ला घ्यावा. सुनेने सणावाराच्या तयारीत सासूबाईंना पुढे बसवावे. ज्याची जागा घरात शाबूत आहे, त्याला आरशाचे भय फारसे उरत नाही.