पुरुषांचे नेतृत्व: व्यासपीठावरचे आणि फाटकाच्या आतले

आमच्या धर्मग्रामांच्या सल्लागार मंडळांत अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. पुरुष देवळात येत नाहीत. मिस्सेला बायका, नोव्हेनाला बायका, धर्मशिक्षणाच्या वर्गावर शिकवायला बायका, लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनेला पुन्हा बायकाच. तक्रारीपाठोपाठ उपायही सुचविला जातो. पुरुषांसाठी स्वतंत्र शिबिर भरवा, त्यांना नेतृत्वाचे धडे द्या, त्यांच्यातील निद्रिस्त योद्धा जागा करा. हे योद्ध्याचे खूळ परदेशी पुस्तकांतून आणि मोबाइलवरील चित्रफितींतून आपल्याकडे आलेले आहे. त्यात तलवारी फार आणि सुतारकाम फार थोडे. आमचा या उपायाला विरोध आहे, आणि तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे उघडपणे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम तक्रारीचेच परीक्षण करू. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार विभागण्याच्या सोयीतून पडलेली ही रीत आता इतकी रूढ झाली आहे की बाजारपेठाही तिच्या तालावर चालतात. रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला जो पुरुष दिसत नाही, तो पुष्कळदा लाइनवर उभा असतो, किंवा रात्रपाळी करून आलेला असतो आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून दहा बाय बाराच्या खोलीत पडलेला असतो. ख्रिस्तसभेचे घड्याळ शेतकऱ्याच्या आठवड्यावर लावलेले आहे. कामगाराचा आठवडा निराळा आहे. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या खेड्यांत पाद्रीबाबा घोड्यावरून येत तेव्हा सारा वाडा गोळा होई. त्याच वाड्यांतील कुटुंबे पुढे पिंपरीत आली. ती येथे आल्यावरही त्यांच्याकडून त्याच वेळेची अपेक्षा धरणे, आणि ती पाळता आली नाही की त्यांना श्रद्धाहीन ठरविणे, हा शुद्ध अन्याय आहे.

तथापि हे समर्थन एका मर्यादेपर्यंतच चालते. गुरुवारी तर सुट्टी असते ना? मग गुरुवारी आमचा पुरुष काय करतो? या प्रश्नाला मिळणारी उत्तरे सर्वस्वी सुखद नाहीत. दुपारी झोप, सायंकाळी मित्रमंडळ, रात्री बाटली, आणि महिन्याच्या अखेरीस हप्त्यांवरून घरात भांडण. कुटुंबात हाच पुरुष 'मस्तक' म्हणून मान मागतो. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार त्याला तोंडपाठ असतो. मात्र बायकांविषयीचे ते वचन ज्या वचनापाठोपाठ येते, त्यात ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे सांगितले आहे, ते तो वाचत नाही. आणि ख्रिस्त मस्तक आहे म्हणजे त्याने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला अर्पण केले, हा अर्थ तर त्याहून कमी जणांना आठवतो. अशा पुरुषाला शिबिरात नेऊन 'तू नेता आहेस' असे तीन दिवस सांगितले, तर तो घरी परतून अधिक मोठ्या आवाजात पाणी मागेल, याहून अधिक काही घडेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरे नेतृत्व सणाच्या दिवशी दिसते. मंडपाचा ठेका, ध्वनिक्षेपकाचा ताबा, वर्गणीच्या पावत्या, नगरसेवकाचे स्वागत, फलकावरील छायाचित्रांचा क्रम. या कामांत आमचे पुरुष कोठेही मागे नाहीत. त्यांच्या मेहनतीला आम्ही नाव ठेवीत नाही. मंडप कोणीतरी घालावाच लागतो. पण याला श्रद्धेतील वाढ म्हणायचे काय?

आमच्या मते या पट्ट्यातील ख्रिस्ती पुरुषाच्या श्रद्धेची कसोटी तो आठवड्यातले सहा दिवस जेथे घालवितो तेथे, म्हणजे कारखान्याच्या फाटकाच्या आत लागते. तेथील स्थिती काय आहे? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच दशकात टेल्को आणि आकुर्डीची बजाज ऑटो येथे रुजली. त्या पिढीतील पुष्कळांना कायम नोकरी मिळाली, काहींना वसाहतीत घर मिळाले, आणि निवृत्तीच्या वेळी हाती काही रक्कम आली. त्यांची मुले आज चाकणला ठेकेदाराच्या बसने जातात. कंत्राटी कामगार, ट्रेनी, शिकाऊ उमेदवार अशी नावे बदलत राहतात. काम तेच, यंत्र तेच, वेतन निम्म्याहून कमी. कायम नोकरीचाही आता भरवसा नाही. जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादन थांबविले तेव्हा हजाराहून अधिक कायम कामगार एका फटक्यात अधांतरी झाले.

आता प्रेस शॉपचे पाहा. पत्रा कापणाऱ्या वा वाकविणाऱ्या पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबावयाची दोन बटणे असतात, हेतू हा की स्ट्रोक खाली येताना दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत. ताशी नगांचे टार्गेट वाढले की एक बटण तारेने किंवा चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते; कोठे सेन्सर बंद केला जातो. मग एके दिवशी बोटे जातात. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांतील अशा अपघातांवर सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून अहवाल काढीत आहे. पुष्कळ कामगारांना ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यानंतरच हाती मिळते, हेही त्यांतून पुढे आले आहे. पगारातून वर्गणी कापली जाते आणि कार्ड मात्र बोट तुटल्यावर!

एक हकीकत सांगतो. ती आम्हांस प्रायश्चित्त संस्कारात कळलेली नाही. सारी चाळ ती जाणते, म्हणूनच लिहितो. एका पुरवठादार कारखान्यात ओडिशाहून आलेल्या एका मुलाची दोन बोटे प्रेसखाली गेली. पाळीचा सुपरवायझर आमचा ख्रिस्ती मनुष्य, लहानपणी वेदीसेवक होता. अपघात खोलीवर पंखा बसविताना झाला, असे कागदावर लिहिण्यास त्याला सांगण्यात आले. त्याने सही केली. त्या वर्षी संत योसेफाच्या सणाच्या मिरवणुकीत ध्वज त्याच्याच खांद्यावर होता. याच घटनेत देखभाल विभागातील दुसरा एक ख्रिस्ती फिटर होता. तो मोठा धार्मिक म्हणून प्रसिद्ध नाही, कोणत्याही समितीत त्याचे नाव नाही. सेन्सरची तार कोणाच्या आदेशावरून काढली हे त्याने लेखी दिले. त्या मुलाला अखेर भरपाई मिळाली. फिटरला सलग चार महिने रात्रपाळी मिळाली. उद्या आम्ही पुरुषांचे शिबिर भरविले, तर व्याख्यानाला या दोघांपैकी कोणाला बोलावले जाईल, हे वाचकांनी आपल्या मनाशी प्रामाणिकपणे ठरवावे.

पवित्र शास्त्रात याच जातीचा एक पुरुष आहे आणि त्याच्यावर प्रवचने फारच थोडी होतात. अरिमथाईकर योसेफ. तो न्यायसभेचा सन्माननीय सभासद, श्रीमंत, प्रतिष्ठित. संत योहान सांगतो की तो येशूचा शिष्य होता, पण भीतीपोटी गुप्तपणे. आजच्या भाषेत बोलायचे तर व्यवस्थापनातला मनुष्य. प्रेषित पांगले, आरडाओरडा करणारे घरी गेले, आणि तेव्हा हा गृहस्थ धैर्य धरून पिलाताकडे गेला व त्याने प्रभूचा देह मागितला. संत मार्क येथे धैर्याचा आवर्जून उल्लेख करतो. त्या धैर्यात तलवार नाही, घोषणा नाही. एका कचेरीत जाऊन, आपले नाव आणि हुद्दा पणाला लावून, एका छिन्नविच्छिन्न देहाची जबाबदारी स्वीकारणे, एवढेच आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात, ते आम्ही जाणतो. पहिला असा, की ख्रिस्तसभेने कामगारांच्या भानगडीत पडू नये, ते राजकारण होय. हा आक्षेप घेणाऱ्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांची शिकवण वाचलेली नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' लिहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्सेन्स'मध्ये कामगार संघटना आधुनिक समाजाला आवश्यक असल्याचे सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले आणि त्याचे कारण देताना त्याच १८९१ च्या परिपत्रकाकडे बोट दाखविले. १९८९ साली शनिवारवाड्यावर उपोषणास बसलेल्या टेल्कोच्या कामगारांच्या किंवा २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यात जवळजवळ पन्नास दिवस चाललेल्या संपाच्या मागण्यांविषयी ख्रिस्ती माणसांत मतभेद असू शकतात, असावेतही. मत नसणे मात्र क्षम्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण अल्पसंख्य, मान खाली घालून राहावे हे बरे. नगर जिल्ह्यातून आलेल्या आमच्या दलित ख्रिस्ती बांधवांच्या तोंडी हा आक्षेप येतो तेव्हा तो आम्ही हलक्याने घेत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या सवलती खुल्या झाल्या, ख्रिस्ती माणूस बाहेरच राहिला. शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि देवळात दुसरी, अशा दुहेरी जगण्याची सवय ज्याला पोटासाठी लागली, त्याला धैर्याची व्याख्याने देणे सोपे आहे. पण म्हणूनच आम्हांस काका बॅप्टिस्टांचे स्मरण करून द्यावेसे वाटते. जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे माझगावचे ईस्ट इंडियन कॅथलिक, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, पुढे केंब्रिजहून कायदा शिकून आलेले. लोकमान्यांच्या होमरूल लीगचे १९१६ साली पहिले अध्यक्ष ते. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. तेव्हाही आपण अल्पसंख्यच होतो. आपल्या युवकांना विचारून पाहा, किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

तिसरा आक्षेप संसाराचा. बायकामुले आहेत, घराचे हप्ते आहेत, नोकरी गेली तर काय? ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्यालाही पत्नी आणि लहान मुली होत्या. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्याने नकार दिला आणि १९४३ साली त्याचा शिरच्छेद झाला; २००७ साली त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. त्याच्या महागुरूंनीही त्याला संसाराकडे पाहा असाच सल्ला दिला होता, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंच्या वर्गाने विसरू नये. अर्थात चाकणच्या फिटरकडे कोणी शिर मागत नाही. आणि एकट्याने सारे करावे असेही कोणी म्हणत नाही. ब्रसेल्सचे फादर कार्डाइन यांनी १९२५ च्या सुमारास तरुण कामगारांची चळवळ उभारली ती याच कारणाने. पाहा, पारखा, कृती करा ही त्यांची पद्धत १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात स्वीकारली. आपल्या पाळीत काय घडले ते चारचौघांनी मिळून सांगावे, शुभवर्तमानाच्या उजेडात पारखावे, आणि एकाला बोलावे लागले तर तिघांनी त्याच्या शेजारी उभे राहावे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पुरुषांच्या शिबिरासाठी ठेवलेला पैसा तूर्त बाजूला राहू द्यावा. रविवारचे बंधन गुरुवारी फिटत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून शनिवारी आणि रविवारी सायंकाळी उशिराची मिस्सा ठेवावी, म्हणजे पहिल्या पाळीचा माणूस आंघोळ करून आणि रात्रपाळीचा माणूस कामावर जाण्यापूर्वी येऊ शकेल. आणि गुरुवारी सायंकाळी देवळाच्या सभागृहात दीड तास बसावे: येत्या रविवारचे शास्त्रपाठ आणि सरल्या आठवड्यातील कारखाना, दोन्ही एकाच टेबलावर. अध्यक्ष नको, फलक नको. स्त्रियांना मज्जाव तर मुळीच नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी, आपण देवळात पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण साजरा करीत होतो त्या दिवशी, तळवड्यात वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्याला आग लागून ज्या जळाल्या त्या बहुतांश कामगार स्त्रियाच होत्या. आपल्या घरातील कोण कोणत्या शेडमध्ये कामाला जाते, आणि त्या शेडला दुसरे दार आहे की नाही, हे त्या पहिल्या गुरुवारी विचारले जावे. येणाऱ्यांनी आपापले ईएसआयचे कार्ड सोबत आणावे. ज्यांना ते अद्याप मिळालेले नाही त्यांनी तेवढे सांगण्यासाठी तरी यावे.