ट्रकने उडवलं तर ४८ लाख, खड्ड्याने जीव घेतला तर ६ लाख: रस्त्यावरच्या मरणाची भरपाई ठरते तरी कशी?

दोन तरुण आहेत असं धरून चला. दोघांचं वय ३०. दोघांचाही स्वतःचा छोटा धंदा, महिन्याची कमाई २५ हजार. घरी बायको, एक लहान मूल आणि आई. एकाच संध्याकाळी दोघंही बाइकवरून घरी निघाले. पहिल्याला मागून येणाऱ्या ट्रकने उडवलं. दुसऱ्याचं पुढचं चाक पाणी साचलेल्या खड्ड्यात गेलं आणि तो डोक्यावर आपटला. दोघंही वाचले नाहीत.

ट्रकचालकाची चूक सिद्ध झाली तर पहिल्याच्या घरच्यांना साधारण ४८ लाखांच्या आसपास भरपाई मिळू शकते. दुसऱ्याच्या घरच्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पर्यंत अशी कुठलीही ठरलेली रक्कम नव्हती. आता ती आहे, ६ लाख रुपये.

माणूस तोच, कमाई तीच, मागे राहिलेलं घर तेच. मग हा फरक आला कुठून?

आधी ४८ लाखांचा हिशोब

वाहन अपघातात कुणी दगावलं तर त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली तिथे अर्ज होतो. किती पैसे द्यायचे हे न्यायाधीशांच्या मनावर नसतं. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांमध्ये त्याचं सूत्रच ठरवून दिलं आहे.

आपल्या तरुणाची वर्षाची कमाई ३ लाख. पुढे त्याची कमाई वाढलीच असती म्हणून ४० टक्के वाढ धरायची (स्वतःचा धंदा आणि वय ४० पेक्षा कमी असेल तर ४० टक्के). झाले ४ लाख २० हजार. तो असता तर स्वतःवरही खर्च केला असता, म्हणून एक तृतीयांश वजा. उरले २ लाख ८० हजार. २६ ते ३० वयासाठी गुणक आहे १७. गुणाकार केला की येतात ४७ लाख ६० हजार. त्यात अंत्यसंस्काराचा खर्च, पत्नी आणि मुलाने गमावलेला सहवास वगैरे ठरलेल्या रकमा मिळवल्या की आकडा ४८ लाखांच्या पुढे जातो.

हे पैसे ट्रकमालक खिशातून देत नाही, त्याची विमा कंपनी देते. थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे तो यासाठीच. म्हणजे इथे चूक कुणाची हे शोधता येतं आणि पैसे कोण देणार हेही आधीच ठरलेलं असतं.

खड्ड्याचं काय? खड्ड्याचा कुणी इन्शुरन्स काढलेला नसतो.

पण बाइकचा इन्शुरन्स होता ना?

गोंधळ होतो तो इथेच. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो विमा त्या दुसऱ्याला पैसे देतो. तुम्ही स्वतःच्या गाडीवरून एकटेच पडलात तर त्या पॉलिसीत तुम्ही 'तिसरे' नसताच. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार ड्रायव्हिंगमुळे मृत्यू झालेल्या चालकाच्या कुटुंबाला भरपाई नाकारण्याच्या हायकोर्टाच्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. तेव्हा सोशल मीडियावर 'आता इन्शुरन्स मिळणारच नाही' अशा पोस्ट फिरल्या. नवं असं त्यात फारसं काही नव्हतं, तत्त्व जुनंच होतं.

एकट्याने पडणाऱ्यासाठी पॉलिसीत एक वेगळी सोय असते. तिला वैयक्तिक अपघात कव्हर म्हणतात, पॉलिसीच्या कागदावर 'पीए कव्हर, ओनर ड्रायव्हर' असं लिहिलेलं असतं. २०१८ पासून ही रक्कम १५ लाख आहे. गाडीच्या मालकाचा ती चालवताना मृत्यू झाला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर हे पैसे मिळतात, अपघाताला खड्डा कारण असला तरी. ऑनलाइन पॉलिसी काढताना काही शे रुपये वाचवायला आपण ज्या चौकटीतली खूण काढून टाकतो, ती बऱ्याचदा हीच असते. आणखी एक, हे कव्हर मालक-चालकाचं आहे. लायसन्स नसेल तर नाही, मित्राची गाडी मागून घेतली असेल तरी नाही. आणि पाय मोडून तीन महिने घरी बसावं लागलं, पण कायमचं अपंगत्व आलं नाही, तर यातून काही हाती लागत नाही.

म्हणजे खड्ड्यात पडून हाड मोडलेला माणूस आजवर सगळ्या चाळण्यांमधून खाली गळत होता. मुंबई हायकोर्टाचा आदेश महत्त्वाचा आहे तो या माणसासाठी.

हायकोर्टाने नेमकं काय सांगितलं?

या प्रकरणाची सुरुवात २०१३ मध्ये झाली. मुंबईच्या रस्त्यांबद्दल न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि हायकोर्टाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. २०१५ मध्ये कोर्टाने म्हटलं की चांगले, खड्डे नसलेले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. नंतर आदेश निघत राहिले, खड्डे पडत राहिले, ॲड. रुजू ठक्कर यांनी अवमान याचिका केली. मधल्या काळात, डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेला आकडा असा होता की २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरात खड्ड्यांमुळे १४,९२६ लोकांचा जीव गेला.

१३ ऑक्टोबर २०२५ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने थेट पैशांना हात घातला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख. जखमी झालात तर दुखापत किती गंभीर आहे ते बघून ५० हजार ते अडीच लाख. दाव्यावर निर्णय घ्यायला समिती. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषद असेल तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. रस्ता एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर त्या संस्थेचे वरिष्ठ अधिकारी. अर्ज आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर ९ टक्के व्याज, आणि जबाबदारी त्या वरिष्ठ अधिकाऱ्याची वैयक्तिक. दिलेले पैसे नंतर दोषी कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे.

माझ्या मते या आदेशातली सगळ्यात वजनदार ओळ ६ लाखांची नाही, वसुलीची आहे. पालिकेने भरपाई दिली म्हणजे शेवटी ती तुमच्या-माझ्या करातूनच गेली. कंत्राटदाराच्या बिलातून गेली, तरच पुढच्या रस्त्याच्या डांबरात काही फरक पडण्याची शक्यता.

आणि ६ लाख हा कळस नाही, पाया आहे. इतर कायद्याखाली जे मिळेल ते याशिवाय मिळेल असं कोर्टाने स्पष्ट केलंय. म्हणजे आपल्या दुसऱ्या तरुणाकडे पीए कव्हर असेल तर घरच्यांना १५ लाख वेगळे, ६ लाख वेगळे. दिवाणी दाव्याचा रस्ताही बंद नाही, लांबचा आहे.

बऱ्याच घटना या दोन चित्रांच्या मधल्या असतात. बाइक खड्ड्यात आपटते, माणूस रस्त्यावर पडतो आणि मागून येणारा डंपर किंवा बस अंगावरून जाते. इथे दोन्ही दारं उघडी आहेत. चूक खड्ड्याची होती, आमच्या गाडीची नाही, असं विमा कंपनी म्हणू शकते. पण दोघांच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्याचं नुकसान झालं असेल तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. न्यायाधिकरणात जायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, तरी त्या भरवशावर बसून राहू नका.

खरी अडचण: खड्डा दाखवायचा कुठून?

याच आदेशात कोर्टाने म्हटलंय की खड्डा लक्षात आणून दिल्यापासून ४८ तासांत तो बुजवायचा. अगदी बरोबर आहे, बुजवायलाच हवा. पण अपघात झाला की तो खड्डा सगळ्यात आधी भरला जातो, हे कुठल्याही शहरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. घरचे हॉस्पिटलमध्ये धावपळ करत असतात, तिकडे खडी टाकून जागा सपाट. तीन आठवड्यांनी समितीसमोर जाल तेव्हा तिथे काही नसतं.

म्हणून फोटो पहिल्याच दिवशी हवा. नुसता खड्ड्याचा क्लोजअप उपयोगाचा नाही, तो कुठल्याही गावचा असू शकतो. मागे दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा नंबर, बसस्टॉपचं नाव असं काहीतरी फ्रेममध्ये आलं पाहिजे. खोली कळायला शेजारी पाण्याची बाटली किंवा चप्पल ठेवा. फोनचं लोकेशन सुरू असू द्या. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर लगेच विचारा, कारण जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

दुसरा कागद हॉस्पिटलचा. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, काय झालं? वेदनेत माणूस म्हणतो, 'गाडीवरून घसरलो.' केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे तोच कागद तुमच्या विरोधात बोलतो. चाक खड्ड्यात गेलं असेल तर 'खड्ड्यात चाक जाऊन पडलो' एवढं पूर्ण वाक्य सांगा आणि लिहिलंय का ते बघा. सोबत गेलेल्या मित्राने हे काम करावं.

तिसरा कागद पोलिसांचा, आणि तो सगळ्यात नाजूक. खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात पोलिसांनी गाडी चालवणाऱ्यावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवल्याची उदाहरणं आहेत. मागे बसलेली मैत्रीण किंवा भाऊ गेला आणि गुन्हा चालवणाऱ्यावर, असंही झालंय. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यात खड्ड्याची जागा आणि मापं आली की नाही ते पाहणं फार गरजेचं आहे. हायकोर्टाच्या आदेशानुसार अशा अपघाताची माहिती पोलिस ठाण्याच्या प्रमुखाने ४८ तासांत समितीला कळवायची आहे. तुम्ही लेखी अर्ज दिलात आणि त्याची पोच घेतलीत, तर हे कळवणं टाळणं अवघड होतं.

आणि उपचाराचे पैसे? मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटल्समध्ये पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंतचा उपचार आहे. वाहनाच्या वापरातून झालेला अपघात असला की पुरे, समोर दुसरी गाडी असायलाच हवी असं नाही. रस्त्यावर पडलेल्याला उचलून नेणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. तेव्हा 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून थांबू नका.

पडू नये म्हणून

पाणी साचलेलं दिसलं की त्याखाली रस्ता आहे असं धरूच नका. ब्रेक खड्ड्याच्या आधी लावा, खड्ड्यात शिरल्यावर दाबलात तर पुढचं चाक अडकून गाडी पलटते. पेव्हर ब्लॉक आणि डांबर जिथे जुळतात ती कड तिरकी ओलांडू नका. हेल्मेटचा पट्टा लावलेला नसेल तर ते तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. शिवाय हेल्मेट नव्हतं हा मुद्दा भरपाई कमी करायलाही वापरला जातो.

चालणाऱ्यांसाठी मॅनहोल. ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्यातून घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यानंतर पालिकेने झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवायला सुरुवात केली. पाणी लवकर ओसरावं म्हणून लोकच झाकण उचलतात, हेही खरं आहे. ते करू नका, तो गुन्हा आहे आणि पाण्याखाली ते भोक कुणालाच दिसत नाही.

अर्ज कुणाकडे द्यायचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकाच शहरात एक रस्ता पालिकेचा, पुढचा पूल एमएसआरडीसीचा, त्याखालचा सर्व्हिस रोड तिसऱ्याचाच. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले, तोवर खड्ड्यांच्या तक्रारींना 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर ठरलेलं असायचं. मेट्रोचं काम चालू असेल तर आणखी एक नाव वाढतं.

यावर सोपा उपाय म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. रस्ता कुणाचाही असला तरी समितीत त्यांचे सचिव असतातच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. अर्जाची एक प्रत तिथे द्या, दुसरी पालिकेत द्या आणि दोन्हींवर आवक शिक्का घ्या. ९ टक्के व्याज अर्जाच्या तारखेपासून मोजलं जातं, आणि ती तारीख सिद्ध करणारा तुमच्याकडचा पुरावा म्हणजे तो शिक्का.