आवाज कानाने ऐकावा, निर्णय डोळ्यांनी घ्यावा

मंडळी, आज जरा भांडायचा विचार आहे. भांडण दोघांशी आहे. एक, गाडीच्या ब्रेकमधून चीं चीं आवाज आला की चाकाला हातही न लावता "पॅड गेले काका, बदलावे लागतील" असं सांगणाऱ्या गॅरेजवाल्यांशी. आणि दुसरं, तोच आवाज आला की रेडिओ मोठा करून "ब्रेक लागतायत ना, मग झालं तर!" म्हणणाऱ्या आपल्यासारख्या गाडीमालकांशी. हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रू वाटतात. माझं म्हणणं असं की ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही चाक खोलून आत बघायचा कंटाळा आहे.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे "तुम्हाला काय कळतंय" हा प्रश्न निकालात निघेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैचा महिना, आठ दिवस पावसाची झड लागलेली. सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला कर्कश आवाज यायचा. आमच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये नेली. (नाव सांगत नाही, गावात राहायचं आहे!) तिथल्या माणसाने खिडकीतून हात घालून गाडी चार पावलं पुढं-मागं करायला लावली आणि निकाल दिला, पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड संपले. बदलले. दोन-अडीच हजार रुपये गेले. निघताना सहज म्हटलं, जुने पॅड द्या बरं, नातीला दाखवतो. जरा आढेवेढे घेऊन त्याने कोपऱ्यातल्या पोत्यातून काढून दिले. घरी आल्यावर नातीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. लोखंडी पाठीवरचं अस्तर चांगलं सात मिलिमीटर शिल्लक होतं! नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतं आणि तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं, असा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे साधारण निम्मं आयुष्य उरलेली वस्तू मी पैसे देऊन फेकून दिली होती.

बरं, मग तो आवाज कसला होता? पावसाचा. ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची असते. रात्रभर दमट हवेत उभी राहिली की तिच्यावर तांबूस गंज धरतो, आपल्या तव्यावर धरतो तसाच. सकाळी पाच-सहा वेळा ब्रेक मारला की पॅड तो गंज घासून काढतात आणि आवाज बंद होतो. याला औषध काही नाही, आणि लागतही नाही.

इथवर कथा सरळ आहे. गॅरेजवाला लबाड, मी भोळा. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तीच सांगायला हा लेख लिहितोय.

या प्रकारानंतर मी फार शहाणा झालो. दोनेक वर्षांनी पुन्हा पावसाळ्यात आवाज सुरू झाला. मी हसलो. म्हटलं, ओळखतो मी तुला, तू गंजाचा आवाज. तीन आठवडे तसाच फिरलो. ऑगस्टच्या शेवटी आम्ही कऱ्हाडहून चिपळूणला निघालो, मी, सौ. आणि नात. पाटणच्या पुढे नात मागून म्हणाली, "आजोबा, तुम्ही ब्रेक दाबला की आवाज थांबतो आणि सोडला की परत येतो." मी म्हटलं, "पाऊस आहे बाळा." चाळीस वर्षं मुलांना 'निरीक्षण करा' म्हणून शिकवलं आणि निरीक्षण करणाऱ्या मुलीला गप्प केलं!

कुंभार्ली घाट उतरताना मध्यावर आवाज बदलला. चीं चीं जाऊन घर्रर्र असा, दगडावर पहार ओढल्यासारखा. पेडलमधून पायाला थरथर जाणवू लागली, जळका वास आला आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढू लागली. नशिबाने मी जुन्या सवयीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होतो, त्यामुळे इंजिनाने गाडी धरून ठेवली. सौ. एक शब्द बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा. पायथ्याला एका छोट्या टपरीवजा गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या पोराने एक शब्द न बोलता जॅक लावला, डावं चाक काढलं आणि मला म्हणाला, "या, बघा."

बाहेरच्या बाजूचा पॅड बरा होता. आतल्या बाजूच्या पॅडवर अस्तर नावाची गोष्टच उरली नव्हती. नुसती लोखंडी पाठ डिस्कवर घासत होती आणि डिस्कला रेकॉर्डच्या तबकडीसारख्या चऱ्या पडल्या होत्या. कारणही त्याने दाखवलं. पॅड दाबणारा जो कॅलिपर असतो, तो दोन पिनांवर मागं-पुढं सरकावा लागतो. त्यातली एक पिन गंजून घट्ट बसली होती. कॅलिपर सरकेना, म्हणून आतला पॅड एकटाच झिजत राहिला. दोन वर्षांपूर्वी पॅड बदलताना कोणी ती पिन काढून, पुसून, ग्रीस लावून बसवली होती का? आता कोण सांगणार!

आणि तीन आठवडे जो आवाज मी गंजाचा समजत होतो, तो मुद्दाम ठेवलेला इशारा होता. बऱ्याच पॅडवर लोखंडाची एक छोटी जीभ बसवलेली असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. किंचाळणं हेच तिचं काम. अनेक गाड्यांत हा आवाज नुसती गाडी चालू असतानाही येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो किंवा बदलतो. नेमकं तेच नात सांगत होती.

आता माझा मुद्दा. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्यात दोष त्या मुलाचा, असं आपण शिकवतो. मग पहिल्या वेळी खोटा लांडगा दाखवणाऱ्या गॅरेजवाल्याला काय म्हणायचं? त्याने माझे अडीच हजार घेतले याचं मला काही वाटत नाही. त्याने माझा विश्वास नेला, आणि त्यामुळे खरा लांडगा आला तेव्हा मी हसलो. "लवकर बदलले तर बिघडलं कुठे, सुरक्षितता महत्त्वाची" असं जे मेकॅनिक छातीठोकपणे सांगतात, त्यांना माझं एवढंच उत्तर आहे. न बघता पॅड बदलणं ही सुरक्षितता नाही. अडकलेल्या पिनेवर नवा पॅड बसवला तर तोही तसाच झिजणार. फरक इतकाच की यजमान निर्धास्त असणार.

तसंच ते "चाळीस हजार किलोमीटर झाले की बदला" हे गणित. पुण्याच्या गर्दीत दर शंभर पावलांवर ब्रेक मारणारी गाडी आणि हायवेवर सरळ धावणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे कसे मोजायचे? किलोमीटर सांगतात कधी बघायचं ते. बदलायचं की नाही, हे मिलिमीटर सांगतात.

आता आपल्याकडे वळतो. "आवाजच येतोय ना, ब्रेक तर लागतायत" हे वाक्य मी स्वतः म्हटलं आहे, म्हणून त्याचा समाचार घ्यायचा मला अधिकार आहे. ब्रेक शेवटच्या मिलिमीटरपर्यंत लागतात! पेडल फारसं काही सांगत नाही, कारण पॅड जितका झिजतो तितका पिस्टन बाहेर सरकून जागा भरून काढतो. खूण एकच दिसते. पिस्टन बाहेर आला की ब्रेक ऑईलची पातळी हळूहळू खाली जाते. आणि आपण काय करतो? सर्व्हिसिंगला "ऑईल कमी आहे, टॉप-अप करा" म्हणतो आणि ती खूणही पुसून टाकतो. (पातळी भराभर उतरत असेल तर मात्र गळती आहे, गाडी हलवू नका.) एबीएस आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण एबीएस चाक घसरू देत नाही, अस्तर किती उरलं ते मोजत नाही.

ब्रेकचा आवाज ही काही आजची कटकट नव्हे. १९०२ साली इंग्लंडमध्ये लँचेस्टर या इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या ब्रेकला तांब्याचं अस्तर होतं आणि ते भयंकर किंचाळायचं. पुढे १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावून आवाज कमी केला. पुढे त्याच ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक ठरली, हा निराळा अध्याय. (म्हणून हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवणाऱ्या पोरांना आजही टोका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.) सांगायचा मुद्दा, ब्रेक हे घासण्याचंच यंत्र आहे. व्हायोलिनच्या तारेवर गज अडकत-सुटत फिरला की सूर निघतो, तसाच पॅड डिस्कवर अडकत-सुटत गेला की चीं निघते. पाठीमागची पातळ पत्र्याची शिम हरवली, पिना कोरड्या पडल्या, फार तापून अस्तर चकचकीत झालं, डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला, तरी आवाज येतोच. यातल्या किती कारणांना नवा पॅड लागतो? खड्याला तर नुसता बाहेर काढणारा हात लागतो.

मग करायचं काय? सकाळी येऊन पाच-सहा ब्रेकमध्ये जाणारा आवाज सोडून द्या. दिवसभर टिकणारा असेल तर त्याच आठवड्यात चाक खोलून घ्या. घर्रर्र आला तर गाडी तिथेच थांबवा. चाकाच्या भोकांतून डोकावून समाधान मानू नका, तिथून बाहेरचाच पॅड दिसतो आणि दगा बहुधा आतला देतो. मोजून तीन मिलिमीटरच्या खाली असेल, किंवा एक पॅड दुसऱ्यापेक्षा फारच झिजला असेल, तर बदला. बदलताना दोन्ही चाकांचे बदला, पिना साफ करून घ्या, डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून बघा. ग्रीस पिनांना आणि पाठीला. अस्तराला किंवा डिस्कला चुकूनही नाही, आवाज बंद करायला तेल सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत! आणि नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून ब्रेक मारा, त्यांना डिस्कशी जुळायला वेळ लागतो.

एक कबुली मात्र द्यायला हवी. गॅरेजवाल्यांवर तोंडसुख घेतलं, पण त्यांना असं कोणी केलं? चाक खोलायला, पुसायला, मोजायला अर्धा-पाऊण तास जातो. एवढं करून त्याने "काही झालेलं नाही काका" असं सांगितलं, तर आपण त्याला किती देतो? चहाचे पैसे, तेही कुरकुरत. आणि तोच माणूस खोक्यातून नवा पॅड काढून दाखवतो तेव्हा अडीच हजार निमूट मोजतो. वस्तूला पैसे द्यायचे आणि ज्ञानाला द्यायचे नाहीत, ही आपली जुनी खोड. मग तो वस्तूच विकणार! त्या घाटाखालच्या पोराला मी पॅड आणि डिस्कच्या पैशांवर "बघितल्याचे" म्हणून तीनशे रुपये वेगळे दिले. तो घेईना. म्हणाला, बघण्याचे कुठे पैसे असतात?

असतात बाबा. असायलाच हवेत.

तेव्हा आमच्या नात्यातल्या आणि लेखण्यांच्या गोतावळ्यातल्या सर्वांना विनंती. पुढच्या वेळी आवाज आला की मेकॅनिकला "बदल" म्हणू नका, "दाखव" म्हणा आणि दाखवल्याचे पैसे द्या. जुने पॅड मागून घ्या. आणि मागच्या सीटवरून लहान मूल काही सांगत असेल, तर रेडिओ बंद करून ऐका.

असो. माझी नात आता गाडीत बसली की आधी विचारते, "आजोबा, मोजले का?" मी दर सर्व्हिसिंगला मोजतो. हल्ली तिच्या कंपासपेटीतली पट्टी माझ्याच गाडीत असते.