सोडत प्रामाणिक, पण खेळ?

मैत्रिणींनो,

गेल्या बैठकीत शहाद्याच्या आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी प्रस्ताव मांडला. कामाला पैसा कमी पडतो, तेव्हा जोडधंदा म्हणून मोबाईलवर बक्षीस-सोडत चालवावी. वीस रुपयांचं तिकीट, सोडत सर्वांदेखत, हिशेब उघडा. बाजारातल्या लकी ड्रॉसारखी फसवणूक नाही. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हिशेब मांडून पाहू या.

१,००० तिकिटं खपली तर २०,००० रुपये जमतील. १०,००० ची बक्षिसं वाटली की उरलेले १०,००० आपले. ते येणार कुठून? धडगाव-अक्कलकुव्याहून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या, होळीला चार पैसे घेऊन परतणाऱ्या बाईच्या पदरातूनच ना? चिठ्ठी कितीही प्रामाणिकपणे काढली, तरी जमलेल्यातले निम्मे पैसे तिकीट घेणाऱ्यांकडे परत येणारच नाहीत.

कायदाही आड येतो. १९९८ च्या लॉटरी कायद्याने लॉटरी चालवण्याची मुभा फक्त राज्य सरकारांना आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. पण मला कायद्यापेक्षा आपला वारसा मोठा वाटतो. १९७२ च्या सुमारास याच शहादा तालुक्यात आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, कारण घामाची मजुरी गुत्त्यात जात होती. त्याच मजुरीवर आपण डोळा ठेवायचा?

मग चिठ्ठी वाईट का? नाही. भिशीत बाराजणी दरमहा ५०० रुपये घालतात, एकीला ६,००० मिळतात. वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. चिठ्ठी ठरवते ती फक्त पाळी. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एखादी आधी उचलून हप्ते थांबवते, हा भिशीतला धोका खरा. म्हणूनच बँकेत खातं असलेला बचत गट बरा. कर्जाची रांग चिठ्ठीने लावा, आजारपण असेल तिला आधी द्या, नोंदी मोबाईलवर सगळ्यांना दिसू द्या. तरुण मैत्रिणींचं मोबाईलचं कसब इथे कामी येईल.

संघटनेचा खर्च? तो वर्गणीतून, उघडपणे मागून. वर्गणी देणारीला आपण पैसे कशाला देतोय हे ठाऊक असतं. तिकीट घेणारीला फक्त आशा विकलेली असते.

तुमच्या गावात सोडतीत किती गेले, भिशीत किती उभे राहिले, जरूर लिहून कळवा. पुढच्या बैठकीत निर्णय सगळ्याजणी मिळून घेऊ.