थांब्यावरची दहा मिनिटं

मुंबईचा चाकरमानी लोकल मिनिटाने ओळखतो: 8.11, 9.03. तोच माणूस संध्याकाळी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत दहा मिनिटं काढतो आणि शेअर रिक्षाकडे वळतो. बस कदाचित पुढच्याच मिनिटाला येणार असते. पण ते त्याला खात्रीने कळत नाही.

ताटकळण्याचं मिनिट जड असतं. वाहतूक नियोजनाच्या हिशेबात थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांबरोबर धरतात. किती थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं आणखी लांबतं, असं व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी 1985मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या सिॲटल शहरात बसप्रवाशांचा अभ्यास झाला. तो 2011मध्ये प्रसिद्ध झाला. बस नेमकी कुठे आहे हे ज्यांना मोबाइलवर दिसत नव्हतं, त्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबलो असं वाटत होतं. ज्यांना दिसत होतं, त्यांचा अंदाज घड्याळाशी जुळला.

घाई हे सगळ्याचं कारण नव्हेच. गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळावी म्हणून लोकलचे कितीतरी प्रवासी आधी उलट दिशेने जातात आणि गाडी सुटते तिथूनच बसून येतात. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारी हीच माणसं खात्रीच्या जागेसाठी पाव-अर्धा तास आनंदाने मोजतात!

पुण्यात दुचाकी का फोफावली, याचं एक उत्तर या खात्रीच्या ओढीत आहे. किक मारली की माणूस निघाला. सिग्नलवरचा खोळंबा, पार्किंगसाठीच्या घिरट्या यांचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण हँडल आपल्या हातात असतं. थांब्यावर मात्र सगळंच दुसऱ्याच्या हातात.

मुंबईची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली. 11.4 किलोमीटरचं अंतर ती सुमारे वीस मिनिटांत कापते, हे तिचं बळ आहेच. पण गर्दीच्या वेळी गाडी दर काही मिनिटांनी येते आणि वेळापत्रक पाहावं लागत नाही, हे त्याहून मोठं बळ. बसला हे अजून मिळालेलं नाही. वेगासाठी उड्डाणपूल बांधणाऱ्या महापालिकांनी बसगाड्या वाढवाव्यात, त्यांना स्वतंत्र मार्गिका द्यावी, प्रत्येक थांब्यावर सावली करावी आणि पुढची बस किती मिनिटांत येईल हे खरं सांगणारा फलक लावावा. नागरिकांनीही नगरसेवकाकडे पुलाइतक्याच आग्रहाने हा फलक मागावा.