अर्धा कोच, अख्खं अपयश

मंडळी, आपण गणपती, क्रिकेट आणि मिसळ यांवर तावातावाने भांडतो. आज थोडं फुटबॉलवर भांडू या. समैस्माला राहणाऱ्या माणसाला तो हक्क आहेच. तंबूच्या आकाराचं अल बैत स्टेडियम इथून जवळ. तिथेच २३ जानेवारी २०२४ रोजी आशियाई चषकात भारत सीरियाशी ०-१ हरला. त्याआधी ऑस्ट्रेलियाशी ०-२, उझबेकिस्तानशी ०-३. तीन सामने आणि गोल शून्य!

जूनमध्ये कोच इगोर स्टिमॅक यांना नारळ मिळाला. जुलैत मानोलो मार्केझ आले. आले म्हणजे अर्धेच आले, कारण २०२४-२५ च्या हंगामात एफसी गोवाचे कोचही तेच! आमच्या आयटीत याला ‘फिफ्टी पर्सेंट अलोकेशन’ म्हणतात. ज्यांनी ते भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्या क्लायंटची डेडलाइन रोजची, तो अख्खा माणूस घेऊन जातो. क्लबचा सराव रोज, राष्ट्रीय संघाची गाठभेट वर्षातून मोजके दिवस. मग व्हायचं तेच झालं. भारताचे आठ सामने, विजय एक, तोही मालदीववर. त्यासाठीही निवृत्त झालेल्या चाळिशीच्या सुनील छेत्रीला परत बोलवावं लागलं. आणि त्याच मार्केझच्या गोव्याने मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला! म्हणजे माणूस नालायक नव्हता, नेमणूक नालायक होती. ती करणाऱ्या महासंघाला जाब कोण विचारणार?

जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून ०-१ हार, जुलैत मार्केझ बाहेर. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. जन्म कुवेतचा, म्हणजे आपले आखातवालेच. खेळले मुंबईच्या महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून, आणि २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांकही मिळवला. पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ हार आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवलं. लगेच ओरड सुरू: कोच बदला!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आता पुरे. कुणी म्हणेल, कतारनेही डिसेंबर २०२३ मध्ये, स्पर्धा महिन्यावर आली असताना, कार्लोस केरोश यांना काढून मार्केझ लोपेझ यांना आणलंच की, आणि चषक जिंकला! खरंय. पण पाया कुणी घातला होता? २००४ पासून अस्पायर अकादमी चालू आहे. तिथे मुलं घडवणाऱ्या फेलिक्स सांचेझ यांनीच २०१४ मध्ये एकोणीस वर्षांखालचा आणि २०१९ मध्ये मोठ्यांचा आशियाई चषक जिंकून दिला. पाया पक्का असला की छताचं पत्रं बदलता येतं. आपण पाया न खणता दरवर्षी पत्रं बदलतोय.

आपली मुलं इथे कतारचे मरून शर्ट घालून हिंडतात. त्यांना निळा शर्ट घालावासा वाटला पाहिजे. त्यासाठी पूर्णवेळ कोच, चार वर्षांची मुदत आणि खाली मुलांचे संघ एवढं तरी द्या. नाहीतर पुढच्या पराभवानंतर नारळ कोचला नको, महासंघालाच द्या!