बनवाबनवी आणि आपली गेस्टरूम


'अशी ही बनवाबनवी' (१९८८) म्हटलं की सगळ्यांना साड्याच आठवतात. मला मात्र तो आधी जागेचा सिनेमा वाटतो. सरपोतदारांच्या खोलीत धनंजय माने एकटा निवांत होता. बाकीचे आले आणि ती खोलीही गेली. तरी गडी त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. लीलाबाई काळभोरांना जोडपीच हवीत? मग परशुरामची पार्वती, सुधीरची सुधा!

इथे आपल्याकडे अख्खी गेस्टरूम रिकामी, पण मित्राने यायचं तर आधी ईमेल, मग कॅलेंडर. माझ्या मते चाळिशीनंतरची पुरुषांची मैत्री गप्पांत नसते, जागा करून देण्यात असते. नोकरी गेलेला मित्र "चार दिवस येऊ का रे?" म्हणाला, तर तारखा विचारू नका. गादी घाला.

पटतंय का?